मोरीजवळची बाई

चैतराम मडावीनं आयुष्यात खोटं फारसं बोलून पाहिलं नव्हतं. तशी वेळच आली नाही म्हणा. चार एकर धान, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता, गोठ्यात दोन बैल. एवढ्या संसारात खोटं बोलून मिळवायचं तरी काय? पण पंचाहत्तरी गाठल्यावर त्यानं तीही हौस भागवून घेतली. आणि बोलला तेही असं, की ते खोटं देवरी तालुक्यातून निघालं आणि समुद्रापलीकडे जाऊन पोचलं.

झालं असं. दिवाळी आटोपली होती, धान कापणीला आलं होतं, तेव्हा सालईटोल्यात पोस्टमन एक जाड पाकीट घेऊन आला. वर पत्ता होता : 'कै. सुकवारीबाई यांचे चिरंजीव अथवा नातवंडे, सालईटोला, देवरीजवळ, जिल्हा भंडारा.' भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाल्याला पाव शतक उलटलं होतं आणि सुकवारी जाऊन बारा वर्षं झाली होती. तरी त्या भल्या माणसानं तीन टोले, म्हणजे वाड्या, पालथे घातले आणि पाकीट बरोबर चैतरामच्या हातात दिलं. चैतरामनं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि सुनेच्या, रीनाच्या हवाली केलं. रीना अंगणवाडीत सेविका. घरात कागद आला की तो तिच्याकडेच जायचा.

पत्र शुद्ध, जुन्या वळणाच्या मराठीत होतं. 'मी शेगुला झिराडकर. माझा जन्म तुमच्या गावी झाला. मला जन्म देऊन माझी आई तिसऱ्या दिवशी वारली. तुमच्या आईने मला आपल्या अंगावर पाजून वाढवले. अडीच वर्षांची असताना वडील मला घेऊन गेले. आता मी इस्रायलमध्ये दिमोना या गावी राहते. मरण्याआधी एकदा आईची कबर पाहावी आणि सुकवारीबाईंच्या घरच्यांचे पाय धरावे, एवढीच इच्छा उरली आहे.' खाली फोन नंबर होता.

रीनानं पत्र तीनदा वाचलं, कारण टोल्यातली माणसं तीन वेळा जमली. शाळेच्या गुरुजींनी आडनाव ऐकून बाई पुण्याकडची ब्राह्मण असल्याचा निकाल देऊन टाकला. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, घरात मराठी बोलणारे ज्यू असतात, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. चैतरामला मात्र जात-धर्म काही विचारायचं नव्हतं. त्याच्या आईनं आयुष्यभर ज्यांच्या गोष्टी सांगितल्या, ती ही माणसं. देवरीचा मोठा रस्ता बांधायला आलेले ओव्हरसियर साहेब, त्यांची गोरी, हसरी बाई, आणि ते इवलंसं लेकरू. चैतराम तेव्हा चार महिन्यांचा होता. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ते. "तू भुकेला राहशीन पन आवाज नाही कराचा," आई सांगायची, "अन् थे पोरगी पोट भरल्यावरही बोंबलत राहे."

रीनानं मोबाइलवर फोन लावला. पलीकडून एक कापरा, गोड आवाज आला. "चैतराम भाऊ? सुकवारीबाईंचा चैतराम?" एवढंच बोलून ती बाई रडायला लागली. मग तिनं विचारलं, "आईची कबर आहे ना हो अजून?"

आणि चैतरामनं उचलली जीभ लावली टाळ्याला. "हाये ना बाई! जशीच्या तशी हाये. नाल्यावरच्या मोरीपाशी, मोहाच्या झाडाखाली. काही चिंता करू नोका."

फोन ठेवल्यावर रीना त्याच्याकडे पाहतच राहिली. "मामाजी, कोन्त्या मोहाखाली हाये म्हन्ता? मी लगन होऊन आली तवाच थो मोह नव्हता."

"तं का म्हनाचं होतं? म्हातारी बाई रडून राह्यली होती. तिले सांगू का, तुह्या मायवरून ट्रक जाऊन राह्यले म्हनून?"

खरं तेच होतं. सोळा वर्षांमागे रस्ता रुंद झाला तेव्हा मोह गेला, त्याखालची जागाही गेली, आणि आता तिथून चोवीस तास नागपूर-रायपूर वाहतूक चालते. त्या कबरीतलं जे काही वाचलं होतं ते चैतरामच्या स्वतःच्या शेतात होतं. ते तिथं कसं आलं हे सांगायचं म्हणजे मोठी गोष्ट सांगावी लागली असती. आणि ती ऐकून परधर्माची बाई काय म्हणेल, याची चैतरामला धास्ती होती.

त्यानंतर दर चार-आठ दिवसांनी फोन व्हायला लागला. शेगुलाबाईंची मुलगी मिरियम सगळ्या प्रवासाची तजवीज करत होती. तिची मराठी मोडकीतोडकी, पण काम मोठं चोख. बारा माणसं येणार होती. चैतरामनं विचारलं, एवढी कायले? तेव्हा शेगुलाबाईंनी सांगितलं, की मेलेल्या माणसासाठी त्यांच्यात एक प्रार्थना असते, तिला दहा पुरुष लागतात. "बाबांना त्या वेळी दहा पुरुष कुठून मिळणार? एकटेच होते. म्हणून मी जावई, भाचे, नातू, सगळ्यांना गोळा केलंय. आईची ती प्रार्थना पंचाहत्तर वर्षं राहिली आहे हो."

मिरियमची यादी वाढत चालली. मुंबईला उतरायचं. कोकणात झिराडला जायचं, तिथं त्यांच्या पणजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. ते घर, ते प्रार्थनास्थळ, नात्यातली दोन-चार माणसं. मग रेल्वेनं गोंदिया, तिथून कोहमारा, देवरी, सालईटोला. चैतराम प्रत्येक गोष्टीला "हाव, हाव" म्हणायचा आणि मनात खूश व्हायचा. एकुलता एक होता तो. भावंडांची भांडणंसुद्धा कधी वाट्याला आली नव्हती. आता म्हातारपणी बहीण मिळाली, आणि ती विमानात बसून येणार होती. बाजारात भेटेल त्याला तो सांगे, "माही बहीन येऊन राह्यली, इस्रायलवरून." देवरीच्या चहावाल्यानं तर एक दिवस त्याचा चहाच फुकट केला.

पण खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात ते उगाच नाही. डिसेंबरच्या एका बुधवारी मिरियमनं व्हिडिओ कॉल केला आणि कॅमेऱ्यापुढे एक पिवळी पडलेली वही धरली. ओव्हरसियर साहेबांची वही. साहेब मोजमापाचे पक्के. बायकोला पुरलं तेही मोजून लिहिलं होतं. 'मोरीच्या पूर्वेकडील कठड्यापासून उत्तरेस बावीस पावले, मोहाखाली.' मिरियम म्हणाली, "मामा, तुम्ही फोटो पाठवायचा. मोरी, झाड, कबर. आईचं हृदय चांगलं नाही. गुडघे पण. डॉक्टर म्हणतो कोकणापर्यंत ठीक. जागा नक्की असेल तर मी तिला देवरीला आणते, नाही तर नाही. रविवारी तिकिटं काढायची आहेत."

चैतरामनं "पाठवतो" म्हटलं आणि घामाघूम होऊन खाटेवर बसला.

रीनानं दोन दिवस विचार केला. ती पोरगी हुशार. म्हणाली, "मामाजी, जुन्या रस्त्याले एक मोह हाये, चिचगडच्या फाट्यापाशी. तिथी चार दगड ठेवू, चुना मारू, फोटो काढू. कोनाले समजते? थे बाई हात जोडीन, समाधान होऊन वापस जाईन. कोनाचं का बिघडते?" सूनबाईचं म्हणणं चैतरामला इतकं पटलं, की त्याला स्वतःचीच भीती वाटली. तरी शुक्रवारी दुपारी तो तिच्या स्कूटीवर मागे बसला आणि दोघं निघाले. फाट्याकडे जायच्या आधी मात्र त्यानं तिला मोरीपाशी थांबायला सांगितलं.

साहेबांची मोरी अजून शाबूत होती. नवीन रस्ता तिच्या शेजारून, उंचावरून गेला, तिला खाली नाल्यात एका बाजूला सोडून. घडीव दगडांची, कठड्यावर १९४९ कोरलेलं. आत प्लास्टिकच्या बाटल्या साचल्या होत्या, पण एक दगड हललेला नव्हता. चैतराम पूर्वेच्या कठड्याला पाठ लावून उभा राहिला आणि उत्तरेकडे पावलं टाकू लागला. एक, दोन, तीन. चढ चढून वर आला. चौदाव्या पावलाला लोखंडी कठडा आडवा आला. पुढची आठ पावलं रस्त्यात होती. एक कोळशाचा ट्रक गेला, त्यामागे बस, त्यामागे पुन्हा ट्रक. चैतराम कठड्याला धरून उभा राहिला. साहेबानं मोजून लिहून ठेवलेल्या जागेसमोर उभं राहून त्याच्या लेकीला दुसरं झाड दाखवायचं, हे त्याच्या हातून होणार नव्हतं.

"चाल घरी," तो रीनाला म्हणाला. "फोटो नाही काढाचा. मी सांगतो तिले."

"मंग नाही येनार थे, मामाजी."

"नोको येऊ दे."

हे तो बोलला खरा, पण घरापर्यंत त्याचे डोळे सारखे भरून येत होते. बहीण मिळाली होती, न पाहताच जाणार होती.

संध्याकाळी सात वाजता त्यानं फोन लावायला सांगितला. पडद्यावर शेगुलाबाई आल्या. पांढरे केस, कपाळ मोठं, नवी साडी नेसलेल्या. मागे टेबलावर मिरियम काहीतरी मांडत होती. चैतराम हात जोडून बसला.

"शेगुलाबाई, मी तुमच्यासंग खोटं बोललो. तिथी कबर नाही. मोह बी नाही. सोळा वर्स झाले, रस्ता मोठा झाला, अन् सारं त्यात गेलं."

चैतरामला वाटलं आता थांबलो तर पुन्हा तोंड उघडणार नाही, म्हणून तो बोलतच राहिला. सगळं सांगितलं, आईनं सांगितलेलं आणि स्वतः पाहिलेलं.

साहेब गाव सोडून गेले त्या दिवशी त्यांनी कबरीवर एक खडा ठेवला आणि सुकवारीला म्हणाले, आमच्यात असं करतात, भेटून गेल्याची खूण म्हणून. इथून जाशील तेव्हा एक ठेवत जा. साहेब बहुधा वर्षा-सहा महिन्यांचं बोलले असतील. पण सुकवारीनं तो हुकूमच समजला. ती दर बाजाराला देवरीला जायची, दर बाजाराला खडा ठेवायची. चैतराम चालायला लागला तसा तोही ठेवू लागला. पुढे त्याची बायको, पोरं, आणि लग्न होऊन आल्यावर नव्या सुनाही. का ठेवायचा ते कुणी विचारलं नाही. मोरीजवळच्या बाईला खडा, एवढंच. साठ वर्षांत तिथं कमरेएवढा ढीग झाला.

रस्त्याची आखणी झाली तेव्हा ठेकेदाराचा माणूस तो ढीग पाहून खूश झाला. भरावाला आयतीच गिट्टी! सुकवारी तेव्हा ऐंशीची. ती काठी टेकत गेली आणि ढिगापुढे बसली. "हे तुही गिट्टी नाही होय," ती म्हणाली, "हे आमचं येनं-जानं होय." माणूस चांगला होता, त्यानं दोन दिवस दिले. चैतरामनं बैलगाडी जुंपली. एका खेपेत मावले नाहीत, दोन खेपा झाल्या. आणि शेवटी सुकवारीनं स्वतः कबरीच्या डोक्याशी असलेला दगड आणि ओंजळभर माती एका गाडग्यात घेतली, गाडगं पदराखाली धरलं आणि म्हणाली, "चाल बाई, घरी चाल. इथं आता रस्ता येऊन राह्यला." तिथून सालईटोल्यापर्यंत ती मागे न पाहता चालत आली. सहा किलोमीटर. कुणी गाडीत बस म्हटलं तर बसली नाही.

चैतरामच्या शेतात साजाच्या झाडाखाली त्याच्या घरातल्या गेलेल्यांचे दगड आहेत. आजा, आजी, काका, बाप. माणूस मातीत जातो, पण नंतर त्याला विधीनं घरी आणावं लागतं, आपल्यांत मिसळावं लागतं. नाही तर तो बाहेरच फिरत राहतो, अशी त्यांची रीत. सुकवारीनं त्या बाईला तिथं आणलं. आणि टोल्यात वादळ उठलं. बाई परकी, हे तर होतंच; पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती बाळंतपणात गेलेली. बाळंतपणात गेलेल्या बाईला सगळे भितात. तिला गावाच्या शिवेबाहेर ठेवतात आणि आपल्यांत कधी घेत नाहीत. साहेबाला तेव्हा गावात जागा मिळाली नव्हती ती याचसाठी.

"पंच बसले," चैतराम सांगत होता. "म्हनाले, सुकवारी, हे होत नाही. माय उभी राह्यली. म्हने, तिचं लेकरू माह्या आंगावर वाढलं. मंग थे बाळंतपन माहं झालं का नाही? अन् मी तं जित्ती हावो. बाळंतपनात कोन मेलं, सांगा! मंग पंच मानले, बाई. म्हनाले, टोल्याले जेवन दे. मायनं जेवन देल्लं. तवापासून तुमची माय आमच्या मानसाईत हाये. नव्या धानाचं पयलं तिले बी देतो. कोंबडा नाही देत. माय सांगून गेली, ह्याईचं कापनं येगळं राहते. तिच्या वाट्याले पोहे, गूळ, खोबरं. मोहाची दारू थोडीक शिंपतो बाकीच्याईवर, तं एखादा थेंब तिच्यावर बी पडत असन." इथं त्यानं पुन्हा हात जोडले. "तुमाले न पुसता केलं. तुमच्या धरमात चालते का नाही मालूम नाही. चुकलं असन तं माफी द्या."

पडद्यावर शेगुलाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्या काही बोलणार, तेवढ्यात मागून मिरियमचा आवाज आला, "आई, वेळ झाली," आणि दोघी काहीतरी त्यांच्या भाषेत बोलल्या. शेगुलाबाईंनी एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि फोन बंद झाला.

रीनानं पुन्हा लावला. लागला नाही. अर्ध्या तासानं लावला, तरी नाही.

शनिवारी सकाळी संदेश पाठवला, तो पोचलाच नाही. दुपारी फोन लावला, बंद. चैतराम जेवला नाही. बैलांना पाणी दाखवलं, कुंपणाचे दोन बांबू उगाच काढून पुन्हा बांधले. "रागावली," तो म्हणाला. "रागावनार नाही तं का! तिच्या मायले आमी आमची करून बसलो."

चार वाजता रीना अंगणवाडीची वही भरत होती. तिनं तारीख लिहिली, वार लिहिला, आणि पेन तसंच हातात धरून बसली.

"मामाजी, तुमी सांगता ना, सुकवारी आजी ओव्हरसियर साहेबाच्या घरी चूल पेटवाले जात जाय म्हनून? कोन्त्या दिवशी?"

चैतरामनं वर पाहिलं. आई सांगायची खरी. साहेबाच्या घरी आठवड्यातून एक दिवस कुणी कामाला हात लावत नसे. विस्तव पेटवत नसत, दिवा लावत नसत. आदल्या संध्याकाळी बाई नवी साडी नेसून दोन दिवे लावायची आणि मग दुसऱ्या सूर्यास्तापर्यंत सुट्टी. दूध तापवायचं तरी सुकवारीला हाक. आई हसून सांगायची, "सनिवारी साहेब, बाई अन् मी, तिघात चुलीची मालकीन मीच."

"सनिवार," चैतराम म्हणाला.

"अन् झिराडले घाना बंद राहे थो?"

"सनिवार." मग त्यानं ताटात भात वाढून मागितला.

रविवारी दहाच्या सुमारास फोन आला तेव्हा तो अंगणात तूर वाळत घालत होता. रीना धावतच मोबाइल घेऊन आली.

"चैतराम," शेगुलाबाई म्हणाल्या. भाऊबिऊ काही नाही, सरळ चैतराम. "शनिवारी आम्ही फोन हातात घेत नाही रे. शुक्रवारी दिवा लावायची वेळ झाली, म्हणून ठेवावा लागला. घाबरलास ना?"

"जेवलो नाही मी, बाई."

"बाई काय म्हणतोस? माझ्याहून चार महिन्यांनी मोठा तू. शेगुला म्हण." मग त्या सावकाश बोलू लागल्या. "ऐक. काल मला काही करायचं नव्हतं, दिवसभर फक्त विचार केला. माझे बाबा ऐंशी वर्षं जगले. रस्ते बांधले, पूल बांधले, इथं येऊन वाळवंटात पाइप टाकले. दुसरं लग्न केलं नाही. शेवटी शेवटी माणसं ओळखेनात, पण एक वाक्य रोज म्हणायचे. मी मिल्काला रस्त्यावर सोडून आलो. रोज, चैतराम. गावानं जागा दिली नाही याचा राग नव्हता त्यांना. म्हणायचे, भ्यायलेली माणसं ती, त्यांचं काय चुकलं? पण ती रस्त्यावर आहे, एकटी आहे, हे त्यांच्या मनातून गेलं नाही. मी येणार होते ते तिला एवढंच सांगायला, की आई, आम्ही तुला विसरलो नाही. आणि तू मला सांगतोस ती रस्त्यावर नाहीच! सोळा वर्षं झाली, ती घरी आहे!"

रीनानं मोबाइल चैतरामच्या हातातून घेऊन नीट समोर धरला.

"आणि पोहे, गूळ, खोबरं म्हणालास ना?" शेगुलाबाई आता रडत होत्या आणि हसतही होत्या. "अरे, तो आमचा मलिदा. कोकणातून आणलेला. देवाचे आभार मानायचे असले की आम्ही तोच करतो, भिजवलेले पोहे, गोड, ओलं खोबरं, फळं. आईनं तिथं केला असेल, सुकवारीबाईंनी पाहिला असेल. बाबा दरवर्षी माझ्या वाढदिवसाला मलिदा करायचे आणि सुकवारीबाईंचं नाव घ्यायचे. इथं आम्ही तुमच्या आईच्या नावानं आणि तिथं तुम्ही माझ्या आईच्या नावानं. इतकी वर्षं! कुणी कुणाला कळवलंसुद्धा नाही."

"मंग," चैतरामनं कसाबसा धीर केला, "येनार ना तू? का कोकनातूनच वापस?"

"मिरियमनं सकाळीच यादी बदलली. कोकणातले दोन दिवस काढले, तुझ्याकडे चार दिवस टाकले. डॉक्टरला काय सांगायचं ते ती बघेल. यादीत आधी 'आईची कबर' लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. 'माहेर' लिही म्हटलं. आई नाही त्या मुलीला माहेर कुठलं? मला तीन आत्यांनी वाढवलं, सगळ्या चांगल्या होत्या, पण माहेरी जाते असं मी कधी कुणाला म्हणाले नाही. आता म्हणेन. आणि माहेरी जाताना जागेचा फोटो कुणी मागतं का?"

चैतरामनं गमछा डोळ्यांना लावला आणि तो तसाच राहू दिला. किती उपकार मानावेत आणि कुणाचे, त्याला कळेना. पोस्टमनचे, साहेबाचे, आईचे, का त्या जुन्या शनिवारांचे.

"एक विचारायचं होतं," पलीकडून आवाज आला. आता तो जरा भीतभीत होता. "बाबांची कबर इथं दिमोनाला आहे. माझ्या हाताशी आहे, जमेल तेव्हा जाते मी. येताना तिच्यावरचा एक खडा आणू का? तुमच्यात, आईजवळ, त्याला जागा द्याल?"

ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती. चैतरामनं गमछा खाली घेतला, ताठ बसला, आणि घरच्या वडीलधाऱ्यानं बोलावं तसं बोलला.

"शेगुला, आन. पन एक ध्यानात ठेव. तुमच्यात खडा म्हनजे भेटून गेल्याची खून. आमच्यात दगड आनला म्हनजे मानूस आनला. मंग थो वापस नाही जात."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच विचारते."

"मंग आन."

दुपारी उन्हं कलली तसा चैतराम विळा घेऊन शेतात गेला. रीनाही मागून आली. धान निघालेलं होतं, धुरा, शेताचा बांध, मोकळा होता. साजाखाली आजा, आजी, काका, बाप, आणि दोन हातांवर बाईचा दगड. तिच्यामागे खड्यांचा ढीग, सोळा वर्षांत आणखी वाढलेला. आईचा, सुकवारीचा दगड तिनं सांगून ठेवल्याप्रमाणे बाईच्या उजव्या अंगाला होता. चैतराम डाव्या बाजूला बसला आणि तिथलं गवत कापू लागला. मुळं उपटली, माती हातानं सारखी केली, वीतभर जागा साफ झाली.

"एवढीशीच?" रीना म्हणाली. "साहेब ना होते थे?"

"राहू दे. जवळजवळ बसतीन. लय वर्सानं भेटून राह्यले."

त्यानं धुऱ्यावरून एक खडा उचलला, झटकला आणि ढिगावर ठेवला. घरातल्या गेलेल्यांना नावानं हाक मारायची असते. या एकीला इतकी वर्षं सगळे नुसतं बाई म्हणत आले होते, कारण नावच कुणाला ठाऊक नव्हतं. आज ते त्याला मिळालं होतं.

"मिल्काबाई," तो म्हणाला, "साहेब येऊन राह्यले."